व्यवसायाची श्रेणी ठरवताना पदवी मोजावी की शिकण्याचा काळ?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील आपल्या फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात) सर्व पदांच्या श्रेणी नव्याने ठरवायच्या आहेत. शैक्षणिक पात्रतेप्रमाणे क्रम लावला, तर आठवी-नववीपर्यंत शिकलेले जुने मोल्डर (वाळूचे साचे भरणारे कामगार) सर्वांत खालच्या पायरीवर जातात. नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावला, तर नुकतेच रुजू झालेले डिप्लोमाधारक नाराज होतात. तेव्हा एखाद्या व्यवसायाला किती ज्ञान आणि किती शिक्षण लागते हे पाहून वर्गीकरण करण्याची मान्य रीत कोणती आणि ती आपल्या कारखान्याला कशी लावावी?

कोल्हापूर परिसरातील कारखान्यांत पदमूल्यांकन आणि कामगार-प्रशिक्षण हेच माझे काम असल्याने हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत सतत येतो. म्हणून निष्कर्ष आधी सांगतो. श्रेणी माणसाला लावायची नसून कामाला लावायची असते, आणि कामाची श्रेणी ठरवताना सर्वांत विश्वासार्ह निकष असा, की सर्वसाधारण कुवतीचा नवखा माणूस त्या कामावर ठेवला तर कोणी शेजारी उभे न राहता तो ते काम निभावू लागेपर्यंत किती काळ जातो. शाळा-कॉलेजातील शिक्षण या काळात धरले जावे, पण ते त्या काळाच्या जागी बसवले जाऊ नये. आपल्या दोन्ही पर्यायांत नेमकी हीच चूक आहे, कारण पदवी आणि नोकरीची वर्षे या दोन्ही गोष्टी माणसाविषयी सांगतात, कामाविषयी नाही.

मान्य रीतींपैकी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी रीत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची आहे. तिच्या वर्गीकरणाच्या १९५८, १९६८, १९८८ आणि २००८ अशा आवृत्त्या झाल्या आणि 'इस्को' या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. २००८ च्या आवृत्तीत सर्व व्यवसाय १० मुख्य गटांत आणि सर्वांत खालच्या थराला ४३६ गटांत विभागले असून, मुख्य गटांना कौशल्याच्या चार पातळ्या जोडल्या आहेत. पहिल्या पातळीवर साधी, त्याच त्या प्रकारची अंगमेहनतीची कामे येतात. दुसऱ्या पातळीवर यंत्र चालवणे, वाहन हाकणे, नोंदी ठेवणे, हस्तकौशल्याची कामे. तिसऱ्या पातळीवर एखाद्या विशिष्ट क्षेत्राचे विस्तृत तांत्रिक ज्ञान लागणारी तंत्रज्ञांची कामे. आणि चौथ्या पातळीवर सिद्धान्ताच्या आधारे अवघड प्रश्न सोडवण्याची, निर्णय घेण्याची कामे, म्हणजे अभियंता, डॉक्टर, प्राध्यापक वगैरे. ही पातळी ठरवताना कामाचे स्वरूप, औपचारिक शिक्षण आणि प्रत्यक्ष कामावर मिळणारे प्रशिक्षण व अनुभव अशा तिन्ही गोष्टी विचारात घ्याव्यात, आणि त्यांतही कामाच्या स्वरूपाला प्राधान्य द्यावे, असे त्या वर्गीकरणातच सांगितले आहे. आपल्याकडे मात्र ही चौकट वापरणारे बहुतेक जण तीनपैकी एकच गोष्ट, म्हणजे औपचारिक शिक्षण, लक्षात ठेवतात, कारण ती कागदावर चटकन सापडते.

भारताच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाचा इतिहासही असाच आहे. २००४ च्या आवृत्तीत याच चार पातळ्या आपल्या शिक्षणपद्धतीत बसवताना पहिल्या पातळीसाठी दहा वर्षांपर्यंतचे औपचारिक शिक्षण किंवा अनौपचारिकरीत्या मिळवलेले कौशल्य, दुसरीसाठी ११ ते १३ वर्षे, तिसरीसाठी १४ ते १५ वर्षे आणि चौथीसाठी १५ वर्षांहून अधिक शिक्षण, अशी व्याख्या केली गेली. मोजणी करणाऱ्याला ही व्याख्या सोयीची आहे यात शंका नाही. पण अनौपचारिक कौशल्याला तिच्यात फक्त सर्वांत खालच्या पायरीवर जागा मिळाली, हे मला आजही खटकते. २०१५ च्या आवृत्तीत प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी संकेतांक देऊन तो कौशल्य-अर्हतेच्या राष्ट्रीय चौकटीशी जोडण्याचा प्रयत्न झाला. ती चौकट डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाली. तेव्हा तिच्या दहा पातळ्या होत्या, २०२३ मध्ये त्या आठ करण्यात आल्या. मूळ चौकटीत पातळीचे वर्णन कामाची प्रक्रिया, व्यावसायिक ज्ञान, व्यावसायिक कौशल्य, मूलभूत कौशल्य आणि जबाबदारी अशा पाच अंगांनी केले होते. आपल्या कामासाठी ही पाच अंगे चार पातळ्यांपेक्षा कितीतरी उपयोगी आहेत, कारण त्यांत 'जबाबदारी' स्वतंत्रपणे मोजली आहे.

चार पातळ्यांची मर्यादा आपल्या शहराकडे पाहिले की लगेच लक्षात येते. महाद्वार रोडवरील कापडदुकानातला विक्रेता, जिल्हा परिषदेतला लिपिक, करवीर तालुक्यातला ऊसउत्पादक शेतकरी, हुपरीचा चांदी-कारागीर, केएमटीच्या शहर-बसचा चालक आणि आपला मोल्डर हे सर्व जण इस्कोच्या हिशेबाने क्रमांक दोनच्याच पातळीवर बसतात, कारण चौथ्यापासून आठव्यापर्यंतच्या पाचही मुख्य गटांना ही एकच पातळी दिलेली आहे. देशादेशांची तुलना करण्यासाठी आणि जनगणनेसाठी इतकी ढोबळ विभागणी पुरते; ती त्याचसाठी केलेली आहे. एका कारखान्यातील बारा-पंधरा पदांचा क्रम लावण्यासाठी मात्र ती वापरू नये, कारण तेथे तिच्यातून काहीच हाती लागत नाही.

त्यासाठी अमेरिकेच्या श्रम विभागाने विकसित केलेले तयारीच्या काळाचे मोजमाप मला अधिक योग्य वाटते. त्यात नऊ पायऱ्या आहेत : पहिल्या पायरीवरचे काम नुसते करून दाखवले की जमते, नवव्या पायरीवरच्या कामाला दहा वर्षांहून अधिक तयारी लागते, आणि सातवी पायरी दोन ते चार वर्षांची आहे. या हिशेबात तांत्रिक शाळेतील शिक्षण, शिकाऊ उमेदवारी, कारखान्यातील प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामावरचे शिकणे आणि त्याआधीच्या कामातला अनुभव हे सर्व एकाच मापाने, म्हणजे काळाने, मोजले जाते. त्या कामाशी थेट संबंध नसलेले सर्वसाधारण शालेय शिक्षण धरले जात नाही. एवढेच नव्हे, तर चार वर्षांची पदवीसुद्धा दोन वर्षांची तयारी म्हणून मोजली जाते, कारण तिचा उरलेला भाग त्या विशिष्ट कामासाठी नसतो असे मानले आहे. पदवीधराला हे टोचेल, पण मला हा हिशेब न्याय्य वाटतो. आज तेथील व्यवसायांची माहितीप्रणाली याच मोजमापाच्या आधारे सर्व व्यवसाय पाच तयारी-विभागांत मांडते. कॅनडानेही २०२१ मध्ये 'कौशल्याची पातळी' ही जुनी विभागणी सोडून प्रशिक्षण, शिक्षण, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टींवर आधारलेली नवी रचना स्वीकारली, कारण जुन्या विभागणीमुळे काही कामांवर कमी कौशल्याची म्हणून उगाच शिक्का बसत होता.

आता आपल्या मोल्डरकडे येऊ. हाताने साचा भरणाऱ्या मोल्डरच्या शेजारी सकाळभर बसून पाहिले, तर त्याचे ज्ञान कोठे आहे ते कळते. तयार वाळू समोर आली की तो मूठभर उचलून आवळतो, मूठ उघडून गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उठले का ते पाहतो, आणि मग तो गोळा मधोमध मोडून तुटलेल्या कडांकडे बघतो. कडा स्वच्छ राहिल्या तर पाणी आणि बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) बरोबर. भुरभुरल्या तर वाळू कोरडी आहे आणि ओतताना धातूच्या धारेने साचा खचून वाळू कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, जाणार. हाताला वाळू चिकटली तर पाणी जास्त झाले आहे आणि वाफ कोंडून ब्लोहोल, म्हणजे धातूत पोकळी, पडणार. जुलै-ऑगस्टात हवाच इतकी दमट असते की त्याच मापाने मिसळलेली वाळू त्याच्या हाताला वेगळी लागते, आणि तो मिक्सरवाल्याला पाणी कमी करायला सांगतो. रनर (धातू आत जाण्याची वाट) कोठून काढायचा, रायझर (आकसणाऱ्या धातूला भर घालणारा साठा) केवढा ठेवायचा, व्हेंट (वायू बाहेर पडण्याची छिद्रे) किती आणि कोठे टोचायचे, पॅटर्न (साच्याला आकार देणारा नमुना) उचलताना कोणत्या बाजूला आधी हलवायचा, हे निर्णय तो पॅटर्न बदलेल तसे रोज घेतो. यांतले काही ड्रॉइंगवर असते, काही नसते. हे सर्व नवख्याला यायला, माझ्या पाहण्यात, दोन ते चार वर्षे लागतात. म्हणजे तयारीच्या काळाच्या मापाने हे काम सातव्या पायरीवर येते, आणि डिप्लोमाधारकाच्या बऱ्याच पदांच्या बरोबरीला बसते.

येथे आणखी एक निकष पाहावा लागतो : चूक झाल्यापासून ती उघडकीला येईपर्यंत किती काळ जातो. इलियट जॅक्स या अभ्यासकाने लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीतील कामाचा अभ्यास करून पदांची उंची मोजण्यासाठी असाच एक निकष मांडला होता, की माणूस स्वतःच्या विवेकावर, वरिष्ठाने तपासण्याआधी, किती काळ काम करतो. शेक-आउटनंतर, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढल्यावर, दिसणारा दोष त्याच दिवशी कळतो. पृष्ठभागाखाली लपलेला ब्लोहोल मात्र फेटलिंग (कास्टिंगची कापून-घासून सफाई) होऊन, माल मशीन शॉपला जाऊन, टूलने दोन मिलिमीटर थर काढल्यावर दिसतो, आणि तोवर त्याच वाळूतून पुढचे कित्येक साचे भरून झालेले असतात. ज्या कामात चूक उशिरा कळते, त्या कामात माणसाला आधीच अधिक जाणून असावे लागते, कारण चुकत-चुकत शिकण्याची सोय तेथे नसते. फेटलिंगचे काम अंगमेहनतीने याहून जड आहे आणि धुळीमुळे आरोग्याला जास्त घातक आहे. त्याची भरपाई भत्त्याने, मास्कने, कामाच्या वेळेने अवश्य करा, पण ज्ञानाच्या श्रेणीत ते मोल्डिंगच्या बरोबर ठेवू नका. कष्ट आणि ज्ञान यांची मापे वेगळी ठेवली नाहीत, तर दोन्हींचा हिशेब बिघडतो.

मात्र यावरून प्रत्येक 'मोल्डर'ला वरची श्रेणी द्यावी असे म्हणता येत नाही. आपल्याकडे हाय-प्रेशर मोल्डिंग लाइन (यंत्राच्या दाबाने साचे भरणारी) आली असेल, तर तेथे वाळूची आर्द्रता प्रयोगशाळेत मोजली जाते, रनर-रायझर पॅटर्न प्लेटवरच बसवलेले असतात, आणि लाइनवरचा माणूस चक्र सुरू ठेवणे, अडकलेला बॉक्स मोकळा करणे, एवढेच करतो. हजेरीपटावर दोघांचेही पद 'मोल्डर' असते; प्रत्यक्षात ती दोन भिन्न कामे आहेत आणि दुसरे काम काही आठवड्यांत शिकून होते. पहिल्याच्या मुठीतले ज्ञान येथे प्रयोगशाळेतल्या सहायकाकडे आणि पॅटर्नची आखणी करणाऱ्याकडे गेले आहे, तेव्हा श्रेणीही त्यांच्याकडे जायला हवी. पदांची यादी करताना हजेरीपटावरची नावे उचलू नयेत, हे मी प्रत्येक ठिकाणी आवर्जून सांगतो.

ज्ञान माणसाकडून उपकरणाकडे कसे सरकते, हे पाहायचे असेल तर हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जावे. काहिलीतला (मोठ्या कढईतला) उसाचा रस उकळत असताना भेंडीचे पाणी घालून मळी वर आणणे, ती वेळीच काढून टाकणे, चुलवाणातला जाळ वाढवायला किंवा मारायला सांगणे आणि शेवटी पाक वाफ्यात (गूळ थंड करण्याच्या जागेत) ओतण्याचा क्षण ओळखणे, हे गुळव्याचे काम. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो बोटांनी गोळा करून पाहतो. तापमापकावर हा क्षण साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, आणि तापमापक असला तर नवख्याचा शिकण्याचा काळ निश्चित कमी होतो. तरीही उसाची जात, जमिनीचा क्षार, तोडीनंतर ऊस किती वेळ पडून राहिला यांवर हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, आणि आधण बिघडले तर शेतकऱ्याचा तो सगळा गूळ बाजारात कमी दराने जातो. म्हणून ज्या गुऱ्हाळावर तापमापक आहे तेथेही चांगल्या गुळव्याला मागणी असतेच. राष्ट्रीय व्याख्येप्रमाणे केवळ शाळेची वर्षे मोजली तर हा माणूस पहिल्या पातळीवर, म्हणजे चुलवाणात चिपाड टाकणाऱ्याच्या शेजारी, जाऊन बसतो. कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या रव्याला (ढेपेला) रंग आणि कणी पाहून दर देणारा व्यापारी ही चूक कधीही करणार नाही.

अशी उदाहरणे दिली, की शाळेची गरजच काय, असा सूर काही उद्योजक लावतात, आणि मग हमखास बाबुराव पेंटरांचे नाव निघते. पारंपरिक कारागीर घराण्यातल्या बाबुरावांनी तंत्रशिक्षणाची कोणतीही पदवी नसताना १९१८ च्या सुमारास याच शहरात चलच्चित्रणाचा कॅमेरा घडवला, ही गोष्ट खरी आहे आणि आपणा सर्वांना तिचा अभिमान आहे. पण ती एका असामान्य माणसाची गोष्ट आहे, आणि वर्गीकरण सर्वसाधारण शिकणाऱ्याला धरून करायचे असते. त्या सर्वसाधारण माणसाला शाळेने दिलेले वाचन, हिशेब आणि ड्रॉइंग समजण्याची तयारी पुढचे सर्व शिकणे सोपे करते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याचे मोल कारखान्यात काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ज्या जुन्या मोल्डरला प्रोसेस शीट वाचता येत नाही, त्याची मूठ कितीही पक्की असली तरी तो सुपरवायझरच्या पदावर अडखळतो, हे आपण पाहिले असेलच.

याच कारणाने मी एका पदाला दोन आकडे देतो. पहिला आकडा कामात तरबेज होईपर्यंतच्या तयारीचा. दुसरा, तरबेज झाल्यावर टिकून राहण्यासाठी दरवर्षी किती नवे शिकावे लागते याचा. हे दोन आकडे नेहमी बरोबरीने चढत नाहीत. हाताने मोल्डिंग करणाऱ्याचा पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असतो, कारण दहा वर्षांपूर्वी शिकलेले बहुतेक सारे आजही तसेच लागू आहे. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर नुसता जॉब लावून-काढून घेणाऱ्या ऑपरेटरचे दोन्ही आकडे लहान असतात. त्याच मशीनचा सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, घ्या, तर नवा कंट्रोलर, नवे इन्सर्ट (कापणारी पाती), नवी फिक्स्चर (जॉब पकडण्याची साधने) यांमुळे दुसरा आकडा सतत वाढत असतो. कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनचेही तेच : आयटीआयमध्ये दोन वर्षे शिकून आलेला मुलगा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण), पीएलसी (यंत्राचा संगणकी नियंत्रक) आणि सौर संच शिकत राहिला नाही, तर काही वर्षांत त्याला प्रत्येक बिघाडासाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. इचलकरंजीत साध्या मागावरून रॅपियर आणि एअरजेट या आधुनिक मागांवर गेलेल्या कामगारांनी हाच बदल अनुभवला आहे. ज्या पदांचा दुसरा आकडा मोठा आहे, त्यांना कामाच्या वेळेतच शिकण्यासाठी तास द्यावे लागतात. ते न देता केवळ वरची श्रेणी दिली, तर ती श्रेणी लवकरच पोकळ होते.

आपल्या डिप्लोमाधारकांच्या नाराजीचे उत्तरही येथेच आहे. त्यांना मेथडिंग (धातू साच्यात कसा भरायचा याची आखणी) करायला, रिजेक्शनची (माल नापास होण्याची) कारणे शोधायला, स्पेक्ट्रोमीटरच्या (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांवरून चार्ज (भट्टीत घालायचा माल) दुरुस्त करायला लावले असेल, तर त्यांचे पद दोन्ही आकड्यांनी उंच आहे आणि तसे कागदावर दिसेल. त्यांच्याकडून फक्त शिफ्टचे रजिस्टर भरून घेतले जात असेल, तर त्यांनी काय शिकले आहे याचा त्या पदाशी संबंध उरत नाही, आणि ते पद मोल्डरच्या खाली येईल. अशा वेळी दोष मुलांचा नसून कामाच्या वाटणीचा असतो, आणि श्रेणी वाढवण्याआधी काम बदलावे लागते.

घरी शिकलेले कौशल्य मोजायचे राहून जाते, याकडेही लक्ष द्या. कोल्हापुरी चप्पल तयार होते तेव्हा चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी बहुतेक घरांतून बायका घालतात. मुलगी ते आईच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे शिकते. त्याची कोठे नोंद नसते, म्हणून 'हे तर कोणालाही येते' असे मानले जाते. आपल्या कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा भाग) विभागात महिला कामगार असतील, तर बारीक कोअर जोडणे आणि फिनिश करणे यांचा शिकण्याचा काळ इतर विभागांइतक्याच काळजीने मोजा. वेगळ्या ठिकाणाहून आणलेल्या नवख्या माणसाला तेच काम देऊन किती आठवड्यांनी नापासीचे प्रमाण जुन्यांइतके खाली येते, एवढे पाहिले तरी पुरे. त्यासाठी कोणाच्या मताची गरज पडत नाही.

प्रत्यक्ष काम असे करावे. प्रत्येक पदासाठी दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजणी करावी, त्यांतला एक त्या विभागाच्या बाहेरचा असावा, आणि दोघांनीही प्रत्यक्ष काम पाहिल्याशिवाय कागद भरू नये. शिकण्याचा काळ विचारताना आज तरबेज असलेल्या माणसाला विचारू नये. तो नेहमी एकतर फार कमी सांगतो, कारण आता त्याला ते सोपे वाटते, किंवा स्वतःचे महत्त्व राखण्यासाठी फार जास्त. त्याऐवजी गेल्या काही वर्षांत त्या कामावर आलेल्यांची नोंद पाहावी : कोणाला कधी एकट्याने शिफ्ट दिली, आणि त्यानंतर रिजेक्शन किती होते. दोघांचे आकडे एका पायरीहून जास्त वेगळे आले, तर सरासरी काढू नये, पुन्हा जाऊन पाहावे. बहुतेक वेळा त्या दोघांनी एकाच नावाची दोन वेगळी कामे पाहिलेली असतात.

किमान वेतनाच्या अधिसूचनांतील कुशल, अर्धकुशल आणि अकुशल हे वर्ग या श्रेणींच्या खाली तळ म्हणून राहतील. २०१९ च्या वेतन संहितेत त्यांत अतिकुशल हा वर्गही आहे. मोल्डरने आपले कौशल्य कारखान्यात मिळवले की आयटीआयमध्ये, यावरून त्याला कुशल वर्गाबाहेर ठेवू नये. जुन्या मोल्डरना पूर्वज्ञान-मान्यतेच्या (आधीच अंगी असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याच्या) मूल्यमापनाला बसवता आले तर जरूर बसवा, कारण त्या प्रमाणपत्राचा त्यांना उद्या दुसरीकडे जाताना उपयोग होईल; ते मात्र त्यांच्या वैयक्तिक फाइलला लावावे आणि पदाच्या श्रेणीपत्रकात त्याचा उल्लेख करू नये. नवी लाइन, नवा कंट्रोलर किंवा नवी प्रयोगशाळा आली, की त्याच महिन्यात ज्या पदांचे काम बदलले तेवढ्या पदांची मोजणी पुन्हा करावी. ज्याचे काम यंत्राने सोपे केले त्याची श्रेणी खाली आली, तरी त्या माणसाचे चालू वेतन कमी करू नये. त्याला वाळू प्रयोगशाळेत किंवा नव्या मुलांना शिकवण्याच्या कामावर घ्यावे, जेथे त्याच्याजवळ आहे ते ज्ञान आजही लागते.